मागून उघडलेली वही

गुलबर्गा
ता. ८ जुलै १९५१

मामा,

शरणु. तुम्हाला काय म्हणून हाक मारावी, इथंच पेन्सिल अडली. निघताना आईनं बजावलं, "आता मामा म्हणायचं न्हाई, अरे-तुरे करायचं न्हाई. त्याच्याच नावाचं कुंकू लागलंय तुला." मग काय म्हणायचं, ते काही तिनं सांगितलं न्हाई. ज्याच्या खांद्यावर बसून संतपूरचा बाजार बघितला, ज्यानं पाटीवर अलिफ-बे गिरवून घेतलं, त्याला एकदम दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत न्हाई. म्हणून 'तुम्ही' घालते, पण 'मामा' ऱ्हाऊ द्या. आईला सांगू नका.

मी नीट पोचले. हुमनाबादेत मोटार दोन तास बंद पडली व्हती, एवढंच. दानम्मा आत्याचं घर मोठं हाय, पण मला दिलीय ती धान्याची खोली. ज्वारीची पोती, एक खिडकी, खिडकीला गज. आत्या म्हणते, इथं बाहेरचा आवाज येत न्हाई, अभ्यास छान व्हईल. तिचे मालक शिवशंकरप्पा काका मला कॉलेजला सोडतात आणि तेच आणतात. मधे कुठं थांबायचं न्हाई. तुम्ही माझे उस्ताद हे साऱ्यांना ठाऊक हाय, म्हणून तुम्हाला पत्र लिहायला कुणी आडवत न्हाई. उर्दूत लिहिलं असतं, पण काका उर्दू वाचतात. मराठी वाचायला या घरात कुणालाच येत न्हाई. माझं मराठी चौथीपर्यंतचं, बोलते तसं लिहायलेय. हसू नका.

अप्पांची अट तुम्ही ऐकलीच. माझी ट्रंक मोटारीवर चढवायला तुम्हीच व्हता. "सहामाहीत साऱ्या विषयांत पास झाली तर इंटर होईस्तोवर लग्नाचं नाव काढणार न्हाई. एका विषयात जरी गेली, तर चैत्रात अक्षता." अप्पा बोलायलेले माझ्याशी, पण बघायलेले तुमच्याकडं. तुम्ही दोरी आवळत राहिलात.

इथं सारं इंग्रजीत शिकवायलेत. आम्ही बिदरच्या मदरशात मॅट्रिकपर्यंत हिसाब, तारीख, जुगराफिया, म्हणजे गणित, इतिहास, भूगोल, सारं उर्दूत शिकलो. ते आता कुणाला नको हाय म्हणे. काही प्रोफेसर परवापर्यंत उर्दूत शिकवायचे, तेसुद्धा इंग्रजीत अडखळायलेत. इंग्रजीचे सर मात्र मद्रासकडचे हायत. ते अडखळत न्हाईत, थांबतही न्हाईत. वर्गात आम्ही चौघी मुली, एका बाजूच्या बाकावर.

अभ्यास बरा चाललाय. काळजी नसावी.

शिवगंगा


गुलबर्गा
ता. १९ ऑगस्ट १९५१

मामा,

शरणु. मागच्या पत्रात अभ्यास बरा चाललाय असं लिहिलं, ते खोटं व्हतं. सरांनी वर्गात परीक्षा घेतली, सुट्ट्या कागदांवर. मला पन्नासात सात मिळाले. सात. बिदरला मी कधी दुसरी आले न्हाई हे तुम्हाला म्हाईत हाय. कागद घडी करून पोलक्यात लपवला आणि काकांच्या मागं मुकाट चालत घरी आले. आत्यानं विचारलं, "परीक्षा कशी झाली?" म्हणलं, छान झाली.

सात कामून मिळाले ते सांगते. मला वाटायचं, पान पाठ केलं की झालं. तुम्हीच शिकवलं न्हाई का, डोळे मिटून डुलत डुलत म्हणायचं, मग ते डोक्यात बसतं. मी तसंच इंग्रजीचं अख्खं पान पाठ केलं, एका शब्दाचा अर्थ न कळता. प्रश्न काय विचारलाय हे न बघता पान धडाधड लिहून काढलं. सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, उत्तर प्रश्नाचं न्हाई.

आमच्या बाकावर जगदेवी म्हणून एक मुलगी हाय, इथलीच. ती मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली. तिनं माझा सात बघितला आणि हसली न्हाई. म्हणाली, "पाठ करणं बंद कर. आधी धडा घरी वाचून ये, मग वर्गात ऐक, मग वही मिटून दहा ओळी आपल्या मनानं लिही. चुकल्या तर चुकू दे." मला ते पाप केल्यासारखं वाटायलेलं, पुस्तकात न्हाई ते लिहायचं म्हणजे. पण करायलेय. रोज दहा ओळी. मधल्या सुट्टीत ती तपासते आणि माझ्या डोक्यात टपली मारते.

सकाळी जात्यावर बसते तेव्हा ओव्या न म्हणता त्याच चालीवर इतिहासाची इंग्रजी उत्तरं म्हणते, आपल्या मनानं जुळवलेली. परवा आत्या मागं येऊन उभी राहिली. मी पानिपतात व्हते. तिला वाटलं, मी देवाची वचनं म्हणायलेय. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि सारं पानिपत ऐकून घेतलं. मी हसू दाबत तसंच पुढं म्हणत राहिले.

तुम्ही लिहिलंत, तहसिलीत आता उर्दू अर्ज घेत न्हाईत, त्यामुळं तुमच्या ओट्यावर कुणी अर्ज लिहून घ्यायला येत न्हाई. वाचून वाईट वाटलं. सारा गाव तुमच्यापुढं कागद घेऊन बसायचा. तुम्ही इंग्रजी अक्षरं मागितलीत, ती वेगळ्या कागदावर लिहून पाठवायलेय, खाली आकडे आणि सोपी सोपी वाक्यं. डावीकडनं सुरू करायचं, तेवढं ध्यानात ठेवा. आता उस्ताद मी. रोज पाटीवर गिरवा, न्हाईतर छडी.

शिवगंगा


गुलबर्गा
ता. २७ सप्टेंबर १९५१

मामा,

शरणु. तुम्ही मागच्या पंधरवड्यात आलात ते मला कळलं. तुम्हाला कळलं का, मी दाराच्या आडच उभी व्हते?

आत्यानं तुमचा आवाज ऐकला आणि मला पोत्यांच्या खोलीत ढकलून बाहेरनं कडी घातली. "कुंकू लागल्यावर लग्नाआधी तोंड दाखवायचं नसतं." मी म्हणलं, माझा मामा हाय. ती म्हणाली, "व्हता." तुम्ही ओट्यावर दोन तास बसलात. काकांशी पावसाचं बोललात, तुमच्या चिंताकीच्या तुरीचं बोललात. माझं नाव एकदाच घेतलंत, "अभ्यास करायलीय न्हवं?" एवढंच. मी फटीतनं तुमची पाठ बघितली. उपरण्याला खडूचे डाग व्हते, म्हणजे पाटी गिरवायलात.

शेंगांचं गाठोडं मिळालं. पण त्यानंतर तुमचं पत्र न्हाई. रागावलात का? मी बाहेर आले न्हाई, कारण मला बाहेर येऊ दिलं न्हाई. व्हय, दार वाजवता आलं असतं, ओरडता आलं असतं, तेही केलं न्हाई हे खरं हाय. कामून केलं न्हाई ते मला विचारू नका.

चांगली बातमी हाय. दुसऱ्या परीक्षेत पन्नासात बावीस. जगदेवीनं कागद वर्गात उंच धरून दाखवला आणि माझ्याआधी तीच रडली. आता रोज वीस ओळी लिहायलेय. इतिहास येतो. तर्कशास्त्र कळायलंय. मला खरंच आवडायलंय, मामा. सात मिळाले तेव्हा असं वाटलं न्हवतं.

सहामाही दसऱ्यानंतर, पंधरा तारखेपासनं. तोवर येऊ नका.

शिवगंगा


गुलबर्गा
ता. २४ ऑक्टोबर १९५१

मामा,

शरणु. पेपर झाले. बरे गेले. आत्या आतापासनंच लुगड्यांचा रंग विचारायलीय. तिला म्हणलं, निकाल लागू दे.

एक विचारायचं व्हतं. तुम्ही अजून नवी वही घेतली की उजवीकडनंच उघडता का? इंग्रजी गिरवतानासुद्धा? सहज विचारलं.

दिवाळीला मी घरी, जनवाड्याला, येणार न्हाई.

शिवगंगा


गुलबर्गा
ता. २१ नोव्हेंबर १९५१

मामा,

शरणु. आज काही लपवत न्हाई.

इंग्रजीत मला शून्य मिळालं. तुम्हाला हे म्हाईत हाय, कारण कॉलेजचं कार्ड जनवाड्याला अप्पांच्या नावावर गेलं. अप्पांना मोडीपुढं काही वाचता येत न्हाई, म्हणून त्यांनी ते संतपूरच्या बाजारात तुमच्या हातात दिलं. आपल्या घरातला प्रत्येक कागद तुम्हीच वाचता. आणि आईनं मास्तरांकडनं लिहून घेतलेलं पत्र मला परवा मिळालं. त्यात हाय, "जावई म्हणाले, एका विषयाचे मार्क अजून यायचेत." वाचून मी पोत्यावर बसूनच राहिले. तुम्हाला इंग्रजी आकडे मीच शिकवलेत. तुम्हाला शून्य वाचता येतं.

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. ज्याचं चैत्रात लग्न व्हायचं तोच.

आता शून्य कसं मिळालं ते. पहिला पेपर इंग्रजीचा. उत्तराला शिवलेले कागद दिले, आतापर्यंत सुट्टे असायचे. मी वही घेतली आणि आठ वर्षं उर्दूची घेतली तशीच घेतली, शिवण उजव्या हाताला. शेवटचं पान माझं पहिलं पान झालं. लिहिलं इंग्रजीच, डावीकडनं उजवीकडं, पण पानं उलटी, मागनं पुढं. तीन तास मान वर केली न्हाई. पाच उत्तरं लिहिली, साऱ्या मनानं जुळवलेल्या ओळी. घंटा झाली, वही मिटली आणि बघते तर माझा नंबर दुसऱ्याच बाजूला, कोऱ्या पानावर. तिथं तो निळ्या पेन्सिलीनं आधीच घातलेला व्हता. पुढची चार पानं कोरी.

तेव्हाच सांगायला पाहिजे व्हतं. सांगितलं न्हाई. मागच्या बाकावर पोरं व्हती, हसली असती. म्हणाली असती, उर्दूवाली आली. मी वही तशीच दिली आणि पुढच्या साऱ्या पेपरांत आधी निळा नंबर शोधला. त्या दिवशी तुम्हाला पत्रात वहीचं विचारलं ते यासाठी. सरांपुढं सव्वाशे वह्यांचा गठ्ठा. त्यांनी माझी उघडली, कोरं पान, उलटलं, कोरं, आणि शून्य घातलं.

निकाल लागल्यावर आठ दिवस मी गप्प राहिले. कुणाला सांगू? मुलींनी प्रोफेसरांच्या खोलीत जायचं नसतं. काकांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जाऊ दे, आता कशाला. शेवटी जगदेवीला सांगितलं. ती मला दंडाला धरून घेऊन गेली. मी इंग्रजीत चार वाक्यं तयार केलेली, दारात गेल्यावर एकही आठवेना. सर म्हणाले, काय. मी म्हणलं, "सर, वही उलटी करा." एवढंच आलं, तेही कसंबसं. त्यांनी गठ्ठ्यातनं वही काढली आणि उलटी केली.

ते उभ्यानंच वाचायला लागले. मग खुर्चीवर बसले. आम्ही दोघी भिंतीला टेकून. बराच वेळ गेला. त्यांनी शून्य खोडलं आणि शेहेचाळीस लिहिले, शंभरात. पास. म्हणाले, "आधी का सांगितलं नाहीस?" उत्तर मोठं व्हतं आणि त्याचं इंग्रजी मला येत न्हाई. मग त्यांनी मला तिसऱ्या उत्तरातली एक ओळ दाखवली आणि विचारलं, हे पुस्तकात नाही, कुठून आणलं? म्हणलं, माझं हाय. ते "गुड" म्हणाले. तो शब्द मी रस्ताभर तोंडात धरून आले.

नवं कार्ड सरांच्या सहीनं मिळालंय. ते या पाकिटात हाय. मी ते अप्पांना पाठवलं न्हाई. पाठवलं असतं तरी ते तुमच्याच हातात आलं असतं. तुम्ही ते वाचून दाखवलंत तर मी कॉलेजात ऱ्हाते. चुलीत घातलंत तर चैत्रात अक्षता. तुमच्याशिवाय कुणाला कळणार न्हाई. ज्याचा फायदा व्हायचा त्याच्याच हातात दिलंय, दुसरं करण्यासारखं काही न्हाई माझ्याकडं.

वही उजवीकडनं उघडायला तुम्हीच शिकवलंत. तुम्हाला बोल लावत न्हाई, तसंच शिकायचं असतं तेव्हा.

शिवगंगा


गुलबर्गा
ता. १६ डिसेंबर १९५१

मामा,

शरणु. हे 'तुम्ही' मला आता पेलत न्हाई. आजच्या पत्रात जुन्यासारखं बोलते.

तुझं पत्र आलं. कार्ड अप्पांना भर बाजारात मोठ्यानं वाचून दाखवलंस, म्हणालास, "शेहेचाळीस, पास." मग तू त्यांना म्हणालास, शिवगंगेला इंटर करू द्या, पुढं बी. ए. म्हणाली तर तेही करू द्या, मी थांबतो. आई कानशिलावर कडाकडा बोटं मोडून तुझी दृष्ट काढायलीय म्हणे. असा भाऊ आणि असा जावई कुणाला मिळतो, म्हणायलीय.

आणि पत्राच्या खाली इंग्रजीत एक ओळ. आय विल वेट. तुझं पहिलं वाक्य. अक्षर वाकडं, पण एक चूक न्हाई.

मी ते पत्र तीन दिवस ज्वारीच्या पोत्यामागं ठेवलं. आत्याला सांगितलं तर ती पेढा घेऊन आली. जगदेवीला दाखवलं तर ती म्हणाली, "नशीबवान हायस." साऱ्यांनी मला नशीबवान म्हणलं. मी मात्र ते पत्र परत पोत्यामागं सारलं.

तू कार्ड जाळलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले असते. अप्पांशी भांडले असते. विहिरीवर जाऊन बसले असते. आता कुणाशी भांडू? तू किती चांगला हायस हे सारे मला रोज सांगतील. दोन वर्षं, चार वर्षं. मी एकेक पेपर पास व्हईन आणि प्रत्येक पेपरागणिक तुझं थांबणं वाढत जाईल. शेवटी मी बी. ए. होऊन, एवढी शिकून, तुझ्या ओट्यावर येईन, कारण ज्यानं एवढं केलं त्याला न्हाई कसं म्हणायचं. ही खोली सोडून दुसऱ्या खोलीत.

पेपर मी मागनं लिहिला, तर हेही तसंच सांगते. शेवटी सांगायचं ते आधी ऐक. मला तुझ्याशी लग्न करायचं न्हाई. आत्ता न्हाई आणि इंटर झाल्यावरही न्हाई.

अभ्यास हे निमित्त व्हतं, मामा. म्हणजे पहिल्यांदा निमित्त व्हतं, मग खरं झालं. चैत्र पुढं जावा म्हणून मी पुस्तक हातात घेतलं, आणि मग पुस्तकच सोडवेना. पण पहिलं कारण मी कुणालाच सांगितलं न्हाई, तुला तर न्हाईच. त्या दिवशी तू ओट्यावर बसलेला असताना मी दार वाजवलं न्हाई, ते यासाठी. कडी बाहेरनं आत्यानं घातलेली, पण मला त्या कडीचं बरं वाटायलेलं. तुझी पाठ बघून मला रडू आलं आणि तरी बाहेर यायला नको वाटलं.

तुझ्यात काही खोट न्हाई. तू माझा मामा हायस, बस. दातात शेंगा फोडून मला देणारा. माझी पहिली पाटी पुसणारा. मी तुला नवरा म्हणून बघायला गेले की मला पाटीच दिसते.

हे मी अप्पांना सांगू शकत न्हाई. माझ्या तोंडचं 'न्हाई' त्यांना ऐकू येत न्हाई. आई म्हणेल, वेडी झालीय, शिकून डोकं फिरलंय, आणि उद्याच मला मोटारीत बसवतील. या घरात तुझा एकट्याचा शब्द चालतो. तुझं 'न्हाई' ते ऐकतील. आई तुझ्याशी बोलणं टाकेल, कदाचित लई वर्षं. गाव म्हणेल, याच्यातच काही खोट असेल. ते सारं तुझ्या डोक्यावर येईल, माझ्या न्हाई. हे कळून मी मागायलेय. मला लाज वाटायलीय, तरी मागायलेय.

हे पत्र अप्पांना वाचून दाखवलंस तरी मी तुला काही म्हणणार न्हाई. पण त्या कार्डाच्या वेळी तू जे केलंस, ते बघून लिहायचं धाडस झालं.

दुसरी सत्रपरीक्षा मार्चात. रोज तीस ओळी लिहायलेय. वही घेतली की आधी शिवण बघते.

तुझी ओळ उस्तादांनी तपासलीय, बरोबर हाय. पुढचा धडा देते. पाटीवर गिरव, सवय होईस्तोवर गिरव, मग जनवाड्याला जा आणि अप्पांना मराठीत सांग. वाक्य असं हाय: आय विल नॉट वेट.

तुझी भाची,
शिवगंगा